नकारापर्यंतची अडतीस वर्षं

'शाकुंतल' आणि 'सौभद्र' गाजवणाऱ्या किर्लोस्कर नाटक मंडळीनं १८९९ साली इंदूरला नवं नाटक लावलं. यात दुष्यंत नव्हता, श्रीकृष्ण नव्हता. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी विषय निवडला होता तो प्रेक्षकांच्या आळीतला, कदाचित त्यांच्या घरातलाही. पंचाहत्तरीला टेकलेला श्रीमंत भुजंगनाथ पुन्हा बोहल्यावर चढायला निघालाय आणि कांचनभट नावाचा बाप पैसे मोजून घेऊन आपली कोवळी पोर, शारदा, त्याच्या गळ्यात बांधतोय. हे 'संगीत शारदा'. देवलांची बाकीची नाटकं संस्कृत किंवा परदेशी कृतींवरून बेतलेली. स्वतंत्र म्हणावं असं हे एकच, आणि मराठी माणसानं ते पिढ्यान् पिढ्या डोक्यावर घेतलं.

नाटकातलं लग्न मोडतं कसं, ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे. शारदेला हा नवरा नको आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिच्या मैत्रिणी म्हाताऱ्या नवरदेवाची यथेच्छ टर उडवतात. आई इंदिराकाकू आतल्या आत जळते, पण नवऱ्यापुढं तिचं काही चालत नाही. कोदंड नावाचा सुधारकी तरुण लग्न थांबवण्यासाठी धडपडतो. तरीही अंतरपाट धरला जातो. लग्न थांबतं ते वधूपिता आणि वर सगोत्र आहेत हे ऐन मांडवात उघड झाल्यावर. पुढं हताश शारदा जीव द्यायला नदीवर जाते, कोदंड तिला वाचवतो आणि जगद्गुरू शंकराचार्यांच्या संमतीनं दोघांचं लग्न लागतं.

देवलांना आपला प्रेक्षक नीट कळला होता असं मला वाटतं. 'मुलीला हा नवरा पसंत नाही' एवढ्या कारणानं मांडवातलं लग्न मोडलेलं दाखवलं असतं, तर १८९९ चा प्रेक्षक खुर्चीत अस्वस्थ झाला असता. गोत्र जुळतं म्हटल्यावर मात्र कुणाचीच हरकत राहिली नाही. शास्त्रानं ठरवलेलं लग्न शास्त्रानंच मोडलं आणि नवं लग्न शंकराचार्यांच्या तोंडून मंजूर करून घेतलं. शारदेच्या वाट्याला आलं ते रडणं, गाणं आणि नदीचा काठ. तिच्या पदांनी नाट्यगृहं हळहळली. त्या हळहळीची किंमत मी कमी मानत नाही. पण शारदेच्या तोंडी नकार नाही. नकार द्यायचं काम तिच्या वतीनं एक पुरुष करतो आणि त्यावर शिक्कामोर्तब दुसरा पुरुष करतो. शारदेची भूमिकाही पुरुषच करत. पुढं बालगंधर्वांनी केली तेव्हाही ते दुःख पुरुषाच्याच गळ्यातून आलं.

त्या काळी नकार देणारी बाई अस्तित्वात नव्हती असं कुणी म्हणेल, तर ते खरं नाही. शारदेच्या आधी पंधरा वर्षं मुंबईत रखमाबाई होती. अकराव्या वर्षी तिचं लग्न दादाजी भिकाजीशी झालं. ती नांदायला गेली नाही, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून शिकत राहिली. १८८४ साली नवऱ्यानं बायकोचा ताबा मागणारा दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल दिला तो रखमाबाईच्या बाजूनं. अपिलात तो फिरला आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. मी तुरुंगात जाईन, असं तिनं कळवलं. एका विशीतल्या बाईनं कोर्टाला दिलेला हा जबाब इंग्लंडपर्यंत गाजला. 'केसरी'तून टिळकांनी तिच्यावर टीका केली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, रखमाबाई विलायतेला गेली, डॉक्टर होऊन परतली आणि सुरत, राजकोटच्या दवाखान्यांत तिनं आयुष्य घालवलं.

म्हणजे खराखुरा नकार वर्तमानपत्रांत छापून आला होता, चावडीवर चघळला गेला होता. पण रंगभूमीला तो पेलला नाही. लोकप्रिय साहित्य समाजाचं प्रतिबिंब दाखवतं असं आपण म्हणतो, तेव्हा ही तफावत लक्षात ठेवायला हवी. समाजात जे घडतं ते सगळं त्यात उतरत नाही. समाज जेवढं शेजारी बसलेल्या सासूसमोर, सुनेसमोर, लेकीसमोर बघायला तयार असतो, तेवढंच उतरतं.

कादंबरी मात्र एकट्यानं वाचायची. तिथं थोडं जास्त बोलता येत होतं. हरी नारायण आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून 'पण लक्षांत कोण घेतो?' क्रमशः येऊ लागली. यमू नावाच्या मुलीनं स्वतःची कहाणी स्वतः सांगितली आहे: माहेर, सासर, पुण्या-मुंबईतला थोडा मोकळा काळ, वैधव्य आणि शेवटी बळजबरीनं केलेलं केशवपन. त्यात भाषणबाजी नाही. एक मुलगी आपल्याला स्वयंपाकघरातल्या, माजघरातल्या गोष्टी सांगते आहे, एवढंच. पण दर आठवड्याला वाचकानं त्या मुलीच्या डोळ्यांनी स्वतःचं घर पाहिलं. त्याच सुमारास, १८९१ साली, संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेणारा कायदा झाला. त्यावरून पुण्यात सभा उधळल्या गेल्या. परक्या सरकारनं आमच्या धर्मात हात घालू नये, हा टिळकांचा आक्षेप होता. रानडे, तेलंग, भांडारकर हे सुधारक कायद्याच्या बाजूनं होते. एका बाजूला हे वाग्युद्ध आणि दुसऱ्या बाजूला यमूची गोष्ट, एकाच शहरातली, एकाच काळातली.

रानड्यांचं नाव आलं म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माधवराव रानड्यांनी १८७३ साली, पहिली पत्नी वारल्यावर, वडिलांच्या आग्रहापुढं मान तुकवून अकरा वर्षांच्या यमुनेशी लग्न केलं. ते स्वतः एकतिशी ओलांडलेले. बिजवराला कुमारिकाच मिळायची, ही रीत इतकी मुरलेली होती की तिच्याविरुद्ध बोलणारा माणूसही तिच्यातून सुटला नाही. त्यांनी त्या मुलीला शिकवलं, ती रमाबाई रानडे झाली, सेवासदनाचा आधारवड झाली. पण म्हणून ती रीत बरी ठरत नाही.

शारदेनंतर तीस वर्षांनी दिल्लीच्या कायदेमंडळात अजमेरच्या हरबिलास सारडा यांचं विधेयक मंजूर झालं. १ एप्रिल १९३० पासून मुलीचं वय चौदा आणि मुलाचं अठरा पूर्ण असल्याशिवाय लग्न लावणं गुन्हा ठरला. कायदा लागू व्हायच्या आत देशभर घाईघाईनं चिमुरड्यांची लग्नं उरकली गेली. कायदाही लंगडाच होता. पोलिसांना आपणहून हात घालता येत नव्हता, कुणीतरी तक्रार करावी लागे, आणि एकदा लागलेलं लग्न कायम राही. आणखी एक गोष्ट त्यात नव्हतीच. मुलगी किती वर्षांची हवी हे कायद्यानं सांगितलं, पण साठीच्या विधुरानं विशीच्या मुलीशी लग्न लावलं तर त्याला काही आडकाठी नव्हती. भुजंगनाथ अजूनही कायद्यानं निर्दोष होता.

कायदा जिथं थांबला तिथून पुढं एक गोष्ट सुरू होते. ती लिहिली कोरेगावच्या नारायण हरी आपट्यांनी. हे आपटे वेगळे, हरिभाऊ नव्हेत. त्यांची 'न पटणारी गोष्ट' ही कादंबरी कायद्याच्या आधीच, १९२३ साली आली होती. सिनेमाशी त्यांचा संबंध जुना. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली काढलेला मूक 'सावकारी पाश' त्यांच्याच कथेवरचा, आणि सावकारानं नाडलेला तरुण शेतकरी त्यात साकारला होता शांताराम वणकुद्रे नावाच्या नटानं. तेच व्ही. शांताराम. पेंटरांकडून बाहेर पडलेल्या चौघांनी एका भांडवलदाराला सोबत घेऊन १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ मध्ये ती पुण्याला आली. 'अमृतमंथन' हा प्रभातचा चित्रपटही आपट्यांच्याच कादंबरीवर बेतलेला. तेव्हा १९३७ साली शांतारामांनी 'न पटणारी गोष्ट' हाती घेतली ती जुन्या ओळखीतून. मराठीत नाव ठेवलं 'कुंकू', हिंदीत 'दुनिया न माने'.

नीरा अनाथ आहे, मामाकडे वाढलेली. मामा पैसे घेऊन तिचं लग्न लावतो. इथवर शारदाच. पण अंतरपाट दूर होतो आणि समोर म्हातारा दिसतो, तेव्हा नीरेला वाचवायला कोदंड येत नाही, गोत्रही आड येत नाही. लग्न लागतं. नाटक जिथं संपलं असतं तिथून सिनेमा सुरू होतो, आणि उरलेला सगळा वेळ एका घरात जातो. त्या घरात नीरा नवऱ्याला नवरा मानत नाही. ती पळून जात नाही, विहिरीत उडी टाकत नाही, कुणाची वाट बघत रडत बसत नाही. याच घरात राहीन, पण तुमची बायको म्हणून राहणार नाही, हे ती रोज, प्रत्येक जेवणावळीत, प्रत्येक दाराशी सांगत राहते. तिच्याच वयाचा सावत्र मुलगा लगट करायला येतो, तर छडी हातात घेऊन त्याला फोडून काढते. आणि हे सगळं करणारी शांता आपटे. खरी बाई, खऱ्या गळ्यानं गाणारी. शारदेच्या वेळी प्रतिष्ठित नाटक मंडळ्यांत बाईला जागाच नव्हती, त्यामुळं बाईच्या तोंडून 'नाही' ऐकायची सोयही नव्हती. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा'त दुर्गाबाई खोटे पडद्यावर आल्या, १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्ना भोळे रंगमंचावर उभ्या राहिल्या. ही दारं उघडली नसती, तर नीरा कागदावरच राहिली असती.

'कुंकू'तला एक निर्णय मला त्या काळाच्या मानानं फार धाडसी वाटतो. संगीत केशवराव भोळ्यांचं, पण पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. घरात जे वाजेल तेच ऐकू येतं: भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टिकटिक, दारं, पावलं, ग्रामोफोन. गाण्यांनाही साथ घरातल्याच आवाजांची. प्रेक्षक त्या काळी सिनेमाला जात ते बरेचसे गाण्यांसाठी. प्रभातनं त्यांना वाद्यमेळाचा आधारच काढून घेतलेलं घर ऐकवलं. दुःखाच्या प्रसंगी व्हायोलिन वाजलं की प्रेक्षकाला सुखानं रडता येतं. इथं ते सुख नाही. नीरा गप्प झाली की घड्याळच तेवढं चालू राहतं. एका प्रसंगात ती लाँगफेलोची इंग्रजी कविता म्हणते. पुणेरी वाड्यातली, नऊवारीतली मुलगी अमेरिकन कवीच्या शब्दांतून स्वतःला धीर देते, हे कृत्रिम वाटायला हवं, पण वाटत नाही. शाळेत चार इयत्ता इंग्रजी शिकलेल्या मुलींची एक पिढी तेव्हा घराघरांत होती आणि त्या शिक्षणाचं करायचं काय, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

केशवराव दात्यांनी उभे केलेले नीरेचे म्हातारे नवरे, काकासाहेब, हा दुसरा मोठा भाग. भुजंगनाथाला हसणं सोपं होतं. तो लंपट आहे, मूर्ख आहे, आपल्यापैकी कुणीच नाही. काकासाहेब वकील आहेत, सभ्य आहेत, समाजात त्यांना मान आहे. ते आरशापुढं उभे राहून पांढऱ्या मिशांना कलप लावतात, तेव्हा थिएटरात हशा पिकत असणार. पण दाते तो प्रसंग असा करतात की हसू फार वेळ टिकत नाही. या माणसानं कुणावर अत्याचार करायचं ठरवलेलं नाही. चारचौघं करतात तेच त्यानं केलं आहे. प्रेक्षागृहात बसलेल्या किती जणांचे वडील, काका, आजोबा असेच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बोहल्यावर चढले असतील! भुजंगनाथ त्यांना परका होता, काकासाहेब ओळखीचे होते. सुधारणेच्या चळवळीला चाळीस वर्षं लागली ती याच अंतरासाठी.

काकासाहेबांची समाजकार्य करणारी लेक झाल्या होत्या शकुंतला परांजपे, रँग्लर परांजप्यांची मुलगी. केंब्रिजला शिकलेल्या, जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेत नोकरी केलेल्या, आणि र. धों. कर्व्यांबरोबर संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर त्याच काळात अश्लीलतेचे खटले होत होते. ज्या शहरात त्या मासिकाचं नाव घरात काढणं अवघड, त्याच शहरात त्या चळवळीतली बाई पडद्यावर बापाला सुनावते आणि लोक तिकिटं काढून ऐकतात. सिनेमा कंपनीनं हे मुद्दाम केलं की योगायोगानं, त्याला फारसं महत्त्व नाही. ती बाई पुण्यात उपलब्ध होती, हेच त्या काळाबद्दल पुष्कळ सांगतं.

शेवटाबद्दल अनेकांनी नाराजी व्यक्त केली आहे. काकासाहेबांना पश्चात्ताप होतो, ते आत्महत्या करतात आणि नीरेनं पुन्हा लग्न करावं असं पत्र ठेवतात. बंड केलं बाईनं आणि सोडवणूक झाली पुन्हा पुरुषाच्या उदारपणानं, असा आक्षेप घेता येतो, आणि तो चूक नाही. पण १९३७ चा कायदा समोर ठेवून बघा. नीरेसारख्या हिंदू बाईला घटस्फोट मिळत नव्हता. बडोदा संस्थानात सयाजीरावांनी १९३१ साली तो कायदा केला होता, पण मुंबई इलाख्यात त्यासाठी १९४७ उजाडावं लागलं. विधवेला मात्र १८५६ पासून पुनर्विवाहाची मुभा होती. म्हणजे पुण्यातल्या नीरेला नवरा जिवंत असताना सुटका नाही, तो मेला तरच दुसरं आयुष्य शक्य. पटकथेनं काकासाहेबांना मारलं ते मेलोड्रामासाठी असेल, पण त्या घराच्या बाहेर जाणारी कायदेशीर वाट तेवढी एकच होती. प्रेक्षकांनाही ते माहीत होतं.

शांता आपट्यांनी नीरा पडद्यावरच ठेवली नाही. करारावरून कंपनीशी बिनसलं तेव्हा, १९३९ साली, त्या प्रभातच्या दाराशी उपोषणाला बसल्या. पुढच्याच वर्षी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहून सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलींना त्यांनी या धंद्याची आतली बाजू सांगितली. त्यांना फटकळ म्हटलं गेलं, हट्टी म्हटलं गेलं. ज्या प्रेक्षकांनी नीरेच्या हातातल्या छडीला टाळ्या दिल्या, त्यांना नटीनं स्वतःच्या पगारासाठी ठाम उभं राहणं फारसं रुचलं नाही.

या सगळ्या गोष्टी एकाच आळीतल्या आहेत, हेही नोंदवायला हवं. शारदा, यमू, नीरा या पांढरपेशा ब्राह्मण घरांतल्या. लिहिणारे तिथलेच, नट बरेचसे तिथलेच, तिकीट काढणारेही. रखमाबाई सुतार समाजातली होती. तिची आई तरुण वयातच विधवा झालेली आणि त्या समाजाच्या रीतीनुसार तिचं दुसरं लग्न झालेलं. १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुरुषांना फैलावर घेणाऱ्या ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या मराठा घरातल्या. या बायकांची नाटकं झाली नाहीत, त्यांच्यावर कुणी पदं रचली नाहीत. सत्यशोधकी जलशांत बालविवाहावर टीका होत असे, पण ते जलसे गावोगावच्या मोकळ्या माळांवर. पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांतला श्रोता त्यांना नव्हता.

दूरदर्शन संच घरोघरी आला आणि हा विषय पुन्हा दिवाणखान्यात शिरला. 'बालिका वधू' २००८ साली हिंदीत सुरू झाली, ती राजस्थानची. मराठीत २०१२ साली 'झी मराठी'वर 'उंच माझा झोका' आली, रमाबाई रानड्यांच्या आयुष्यावरची. लहानपणीची रमा तेजश्री वालावलकरनं केली आणि महाराष्ट्र तिच्यावर लुब्ध झाला. मालिका मनापासून केलेली होती. रमाबाईंनी आपल्या आठवणींत घरातल्या बायकांचा जाच, चोरून केलेला अभ्यास, सगळं लिहून ठेवलं आहे आणि त्यातलं पुष्कळ पडद्यावर आलं. तरीही एक गोष्ट मला तेव्हा खटकली, आजही खटकते. रोज संध्याकाळी जेवणाच्या वेळेला घरात येणारी ती नऊवारीतली, नाकात नथ घातलेली चिमुरडी इतकी गोड होती की तिचं लग्न हेच गोड वाटू लागलं. देवलांच्या प्रेक्षकानं तशाच मुलीला बोहल्यावर पाहून डोळे पुसले होते. एकशे तेरा वर्षांनी त्याच दृश्याचं कौतुक झालं, कारण बघणाऱ्यांच्या घरी आता तसं काही घडत नव्हतं, निदान तसा त्यांचा समज होता. धोका दूर गेला की भूतकाळावर जरीकाठ चढतो.

रखमाबाईच्या वाट्याला पडदा आला तो याहून उशिरा. तनिष्ठा चॅटर्जींनी तिची भूमिका केलेला 'डॉक्टर रखमाबाई' हा अनंत महादेवन यांचा मराठी चित्रपट २०१६ चा. तिनं कोर्टाला उत्तर दिलं त्याला तोवर सव्वाशेहून अधिक वर्षं लोटली होती. खरी रखमाबाई मात्र दीर्घायुषी ठरली. नीरा पडद्यावर आली तेव्हा ती सत्तरी ओलांडून गेलेली होती. १९५५ च्या सप्टेंबरात, नव्वदी पार केल्यावर, ती गेली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा झाला होता. त्यानं देशभरातल्या नीरांना घटस्फोटाचा दरवाजा उघडून दिला. पण दादाजी भिकाजीनं ज्या मागणीसाठी कोर्ट गाठलं होतं, म्हणजे वेगळं राहणाऱ्या जोडीदाराला पुन्हा नांदायला आणण्याची मागणी, ती त्या कायद्याच्या कलम ९ मध्ये तशीच राहिली. आता ती नवऱ्याला करता येते, तशी बायकोलाही. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं ते कलम वैध ठरवलं.